नामस्मरण: हरिपाठ, जिक्र, येशूची प्रार्थना आणि नेम्बुत्सु यांना जोडणारे नेमके काय आहे?

भीमाकाठ (धागाकर्ता)

सर्व धर्मांचे सार एकच आहे असे म्हणणे आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की म्हणणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. प्रत्यक्षात ईश्वर एक की त्रिएक, सगुण की निर्गुण, जगाला कर्ता आहे की नाही, आत्मा आहे की नाही, या प्रश्नांना धर्मांनी दिलेली उत्तरे खरोखर वेगळी आहेत, आणि ती वेगळी आहेत हे मान्य करण्यात कोणाचाही अनादर होत नाही. म्हणून सिद्धान्तांची तुलना बाजूला ठेवून मी या धाग्यात एकाच साधनेविषयी लिहीत आहे: एखादे नाव किंवा लहानसे वाक्य वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उच्चारत राहणे. गूढवादी परंपरांना समान भूमी असेल तर ती तत्त्वचर्चेपेक्षा गुरूने शिष्याला दिलेल्या बारीकसारीक सूचनांमध्ये सापडेल, असे माझे मत झाले आहे.

आपल्याला नामस्मरण घरचेच आहे. हरिपाठ तोंडपाठ असलेली माणसे गावोगावी आहेत, समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नामस्मरणभक्तीला स्वतंत्र समास दिला आहे आणि गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) आयुष्यभर नामाचाच आग्रह धरला. या परिचित गोष्टींवर अधिक न थांबता मी दूरच्या दोन परंपरांकडे वळतो.

इमाम गझाली (१०५८–११११) हे बगदादच्या निजामिया मदरशातील मानाचे अध्यापकपद सोडून साधनेकडे वळले. जिक्र, म्हणजे अल्लाहचे स्मरण, कसा करावा हे सांगताना त्यांनी एक क्रम नोंदवला आहे. साधकाने एकांतात बसून अल्लाहचे नाव जिभेने घेत राहावे. काही काळाने जीभ हलवण्याचा प्रयत्न सुटतो आणि शब्द आपोआप वाहू लागल्यासारखा वाटतो. पुढे जिभेचा मागमूस उरत नाही आणि हृदयच जिक्र करू लागते. त्याही पुढे शब्दाची अक्षरे पुसली जातात आणि केवळ अर्थ हृदयाला चिकटून राहतो. येथवर पोहोचणे साधकाच्या हातात आहे, त्यानंतरचे त्याच्या हातात नाही, त्याने फक्त वाट पाहायची, असे गझाली बजावतात.

आता पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरा पाहू. ग्रीस, रशिया, रुमानिया या देशांतील ऑर्थोडॉक्स मठांत 'प्रभु येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' हे एवढेच वाक्य अखंड म्हणण्याची साधना आहे. आथोस पर्वतावरच्या मठांत ती विशेष रुजली. या मार्गावरील जुन्या साधकांचे लेखन एकत्र करून १७८२ मध्ये व्हेनिस येथे 'फिलोकालिया' नावाचा ग्रंथ छापण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत त्याचे स्लाव्ह भाषेतील रूपांतर रशियात पोहोचले. एकोणिसाव्या शतकातील एका अनामिक रशियन यात्रिकाचे आत्मकथन या साधनेचे सर्वांत जिवंत वर्णन आहे असे मला वाटते. पाठीवरच्या पिशवीत वाळलेला पाव आणि अंगरख्यात बायबल, एवढीच मालमत्ता असलेला हा माणूस 'निरंतर प्रार्थना करा' हे संत पौलाचे वचन चर्चमध्ये ऐकतो आणि ते कसे शक्य आहे याचे उत्तर शोधत गावोगाव हिंडतो. अखेर भेटलेला वृद्ध साधू त्याला येशूची प्रार्थना दिवसातून ३,००० वेळा म्हणायला सांगतो, नंतर ६,००० आणि मग १२,०००. प्रारंभी जीभ जड होते, जबडा आखडतो, माळ ओढून अंगठा दुखतो. पुढे ओठ आणि जीभ स्वतःहून चालू लागतात, मग प्रार्थना ओठांवरून उतरते आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर आतच चालू राहते. ओठ, मन आणि हृदय असा हाच क्रम एकोणिसाव्या शतकातील रशियन बिशप थिओफान यांनीही सांगितला आहे.

गझालींचा क्रम, या यात्रिकाचा क्रम आणि उच्चारलेल्या वैखरी वाणीकडून सर्वांत आतल्या परा वाणीकडे जाणारी आपल्याकडची मांडणी शेजारी ठेवली की जे दिसते ते योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर इंग्रजीत जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सर्व देशांतील आणि सर्व काळांतील साक्षात्कारी पुरुषांचा एकच समाज असतो अशी त्यांची भूमिका आहे. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्याच वेळी निंबाळच्या परंपरेत नित्यनेमाने नाम घेणारे साधकही होते, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. तरीही त्यांची ही भूमिका आजच्या अभ्यासात टिकते का, आणि कार्यालय, प्रवास व घर यांत वाटल्या गेलेल्या आपल्या आयुष्यात तिचा उपयोग काय, याविषयी सदस्यांचे मत ऐकायचे आहे.

सोपारा

मी वसईच्या कॅथलिक कुटुंबातला आहे. आमच्या घरी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून रोझरी म्हणण्याची प्रथा होती, आणि आजीच्या बोटांतील माळेचे मणी व 'नमो मारिया'चा लयबद्ध घोष यांतून मला प्रार्थनेची पहिली ओळख झाली. पाच दशकांच्या त्या माळेत पन्नास वेळा तीच प्रार्थना येते. लहानपणी याचा कंटाळा येई, पण एकच गोष्ट पुन्हा म्हणण्यामागे काही हेतू असावा याची जाणीव आजीच्या चेहऱ्याकडे पाहून होत असे.

वरील लेखनात पश्चिमेकडील चर्चची एक कडी जोडावीशी वाटते. पाचव्या शतकाच्या प्रारंभी जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातील साधकांची शिकवण लिहून ठेवली. त्यांच्या दहाव्या संवादात स्तोत्रसंहितेतील 'हे देवा, माझ्या साहाय्यास ये' या अर्थाची एकच ओळ उठता-बसता, काम करताना, झोपताना म्हणत राहण्याचा उपदेश आहे. ही शिकवण सर्वसामान्य भाविकांपर्यंत विसाव्या शतकात नव्याने पोहोचली ती जॉन मेन (१९२६–१९८२) यांच्यामुळे. तरुणपणी ते ब्रिटिश सेवेत मलायात होते आणि तेथे स्वामी सत्यानंद नावाच्या एका हिंदू संन्याशाने त्यांना मंत्रजप शिकवला. मंत्र मात्र ख्रिस्ती परंपरेतलाच घ्यावा, असे स्वामींनी त्यांना सांगितले. पुढे मेन बेनेडिक्टाइन संन्यासी झाले तेव्हा त्यांना ही साधना सोडायला लावण्यात आली आणि त्यांनी ती सोडली. अनेक वर्षांनी कॅसियन वाचताना तीच गोष्ट त्यांना आपल्याच परंपरेच्या मुळाशी सापडली. त्यानंतर त्यांनी 'मारानाथा' हा अरामी भाषेतील शब्द घेऊन सकाळ-संध्याकाळ ध्यान करण्याची पद्धत शिकवली, जी आज अनेक देशांत लहान गटांतून चालते.

या घटनेचा अर्थ मी असा लावतो की दुसऱ्या धर्मातील माणसाने त्यांना त्यांच्याच घरातील बंद खोली दाखवली. मात्र आमच्या चर्चमध्ये याविषयी सावधगिरीही आहे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे म्हटले, तर १९८९ मध्ये रोमहून आलेल्या पत्राने ध्यानपद्धती जशाच्या तशा उचलण्याविषयी इशारा दिला. तंत्राने येणारी शांतता आणि देवाची कृपा यांत गल्लत होऊ नये, हा त्या पत्राचा गाभा आहे. मला ही दोन्ही कागदपत्रे परस्परविरोधी वाटत नाहीत.

प्रश्नचिन्ह

मी श्रद्धाळू नाही, परंतु विषय गांभीर्याने मांडला आहे म्हणून लिहितो. धागाकर्त्यांना जे साम्य आश्चर्यकारक वाटते त्याचे एक साधे शारीरिक स्पष्टीकरण उपलब्ध आहे. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील 'आवे मारिया' आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र म्हणायला लावून त्यांच्या श्वासाचे व रक्ताभिसरणाचे मापन केले होते. दोन्ही पठणांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि रक्तदाब स्थिर राखणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढली. त्याआधी १९७५ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनीही एखादा शब्द मनात घोळवत राहणे आणि इतर विचार आले तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे एवढ्यानेच शरीर शिथिल होते, असे मांडले होते.

मानवी शरीर सर्वत्र सारखेच आहे. मग आथोस, बगदाद आणि आळंदी येथील वर्णने जुळली तर ती मज्जासंस्थेची समान भूमी झाली. तिला गूढ म्हणण्याची आवश्यकता का वाटावी?

भीमाकाठ

प्रश्न योग्य आहे आणि तो जुनाही आहे. चौदाव्या शतकात दक्षिण इटलीतून आलेल्या बार्लाम नावाच्या विद्वानाने आथोसच्या साधूंवर जवळपास हाच आक्षेप घेतला होता. मान झुकवून, श्वास आवरून प्रार्थना करणाऱ्या साधूंना त्याने 'ज्यांचा आत्मा बेंबीत असतो असे लोक' म्हणून हिणवले. ग्रेगरी पालामास यांनी त्याला दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटते. देहही प्रार्थनेत सहभागी होतो, देहाला बाहेर ठेवून माणूस देवाकडे जात नाही, आणि श्वासाची पद्धत नवशिक्याचे भटकणारे मन आवरण्यासाठी आहे, ती म्हणजेच प्रार्थना नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १३४१ आणि १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मसभांनी पालामास यांची बाजू उचलून धरली.

बर्नार्डी यांचा अभ्यास मला अडचणीचा वाटत नाही. साधनेच्या पहिल्या टप्प्यावर शरीरात काय होते ते त्याने सांगितले आहे. परंतु या सर्व परंपरा त्या शांततेला फारसे महत्त्व देत नाहीत, तिथे रमू नका असेच सांगतात, आणि काही वर्षांनी ही शांतता नाहीशी होईल असेही बजावतात. शिथिलता हेच फळ असते तर तिच्याविषयी इतका सावधपणा शिकवण्याचे कारण नव्हते.

कामोकाठ

गेली काही वर्षे मी नोकरीनिमित्त क्योतोत राहतो. धाग्याच्या शीर्षकात नेम्बुत्सु आहे आणि अद्याप त्यावर कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही परंपरा धागाकर्त्यांच्या मांडणीत सहज बसत नाही.

'नामु आमिदा बुत्सु', म्हणजे अमिताभ बुद्धाला वंदन, हा नामघोष होनेन (११३३–१२१२) यांनी सर्वसामान्यांसाठी एकमेव साधन म्हणून सांगितला. शेतकरी, कोळी, योद्धा, ज्याला ग्रंथ वाचता येत नाहीत आणि ध्यानाला वेळ नाही असा कोणीही तो घेऊ शकतो, ही त्यांची शिकवण आपल्याला लगेच ओळखीची वाटेल. होनेन स्वतः दिवसाला ६०,००० वेळा नाम घेत असे सांगितले जाते. प्रस्थापित मठांच्या तक्रारीनंतर १२०७ मध्ये त्यांना आणि त्यांचे शिष्य शिनरान (११७३–१२६३) यांना हद्दपार करण्यात आले.

शिनरान यांनी गुरूची शिकवण अशा टोकापर्यंत नेली की तेथे 'साधना' हा शब्दच गळून पडतो. त्यांच्या मते नाम हे साधकाचे कर्म नाही आणि पुण्यही नाही. ते सर्वांना तारण्याच्या अमिताभाच्या संकल्पातून आपल्यापर्यंत आलेले दान आहे, आणि आपण ते उच्चारतो ते केवळ कृतज्ञतेपोटी. त्यामुळे मोजणी नाही, जीभ-मन-हृदय अशी चढण नाही, प्रगती नाही. माझे वय, माझा अभ्यास, माझा निर्धार यांवर विसंबणे हाच तेथे सर्वांत मोठा अडथळा मानला जातो. शिवाय अमिताभ हा जगाचा निर्माता नाही. अशा परंपरेला गझालींच्या ओळीत उभे करताना आपण नेमके काय वगळतो, याचा विचार व्हावा.

त्याच वेळी एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्याच शतकात इप्पेन (१२३९–१२८९) नावाचा साधू घरदार सोडून जपानभर हिंडला. नाम छापलेल्या लहान चिठ्ठ्या तो भेटेल त्याला वाटत असे आणि त्याच्याबरोबरचे लोक नामघोष करत नाचत असत. कुमानोच्या वाटेवर एका भिक्षूने 'माझ्या मनात श्रद्धा उत्पन्न होत नाही' असे सांगून चिठ्ठी नाकारली, तेव्हा इप्पेन अस्वस्थ झाला. त्यावर कुमानोच्या देवतेने त्याला सांगितले की समोरच्याची श्रद्धा आहे की नाही, तो शुद्ध आहे की अशुद्ध, हे न पाहता वाटत जा. त्या नृत्याची जुनी चित्रे पाहताना मला पंढरपूरच्या वाळवंटातील कीर्तनाची आठवण होते. हे साम्य वरवरचे आहे की खोल, हे मी ठरवू शकलेलो नाही.

संदर्भशोध

कामोकाठ यांनी मूळ अडचणीवर बोट ठेवले आहे. १९४५ मध्ये ऑल्डस हक्सले यांनी सर्व धर्मांच्या तळाशी एकच सनातन तत्त्वज्ञान आहे ही कल्पना लोकप्रिय केली, आणि आपल्याकडे ती आवडीने स्वीकारली गेली, कारण ती आपल्या अद्वैताला सोयीची होती. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ यांनी या कल्पनेवर प्रखर टीका केली. मध्यस्थीविना होणारा शुद्ध अनुभव असा काही नसतो, ज्यू साधकाला ज्यू परंपरेने घडवलेला अनुभव येतो आणि बौद्ध साधकाला बौद्ध परंपरेने घडवलेला, असे त्यांचे म्हणणे आहे. आधी एकच अनुभव येतो आणि नंतर त्याला वेगवेगळी नावे दिली जातात हे त्यांना मान्य नाही. भाषा, प्रतिमा आणि अपेक्षा या अनुभवाच्या आधीपासूनच आत असतात.

आथोसच्या साधूला 'येशू' या नावाऐवजी दुसरे नाव घेतले तरी चालेल का असे विचारले तर तो ठाम नकार देईल, कारण त्याच्या दृष्टीने सामर्थ्य त्या नावाच्या व्यक्तीत आहे. हिंदू परंपरांतही एकवाक्यता नाही. धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या निंबाळच्या परंपरेत नाम सद्गुरूकडूनच मिळावे लागते, तर वारकऱ्यांचे नाम कोणीही, कोठेही घ्यावे असे आहे. अनुभवांच्या वर्णनांतील साम्य दाखवून यांतील कोणताही भेद मिटत नाही. रानडे यांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर ठेवून असे म्हणावे लागते की त्यांनी इतर परंपरांतील साधकांना स्वतःच्या अनुभवाच्या चौकटीतून वाचले.

मिरजवाला

जिक्राविषयी धागाकर्त्यांनी जे लिहिले ते अचूक आहे. त्याला पूरक म्हणून दोन गोष्टी सांगतो. कुराणाच्या तेराव्या सूरहमध्ये अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना शांती मिळते या आशयाची आयत आहे, आणि सर्व सिलसिले, म्हणजे सूफी गुरुपरंपरा, आपल्या जिक्राचा आधार कुराणातच शोधतात. पद्धती मात्र वेगळ्या आहेत. चिश्ती परंपरेत, जिचे मोठे केंद्र खुलदाबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यापासून आहे, आवाजी जिक्र आणि समा, म्हणजे भक्तिसंगीताचे श्रवण, यांना स्थान आहे. नक्शबंदी परंपरेत जिक्र बहुतांशी मौन असतो. पाणचक्की पाहायला जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना माहीत असते की तेथे बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींची दर्गाह आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सूफींचे कौतुक करताना त्यांना इस्लामपासून अलग करून दाखवण्याची एक सवय पडली आहे, जणू ते मुसलमान असूनही चांगले होते. गझाली पाच वेळची नमाज, रोजे आणि हलाल कमाई यांच्यावर इमारत उभारून मग जिक्राकडे येतात. पाया काढून घेतला तर त्यांच्या वर्णनाला अर्थ राहत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' असे म्हणतात, तेव्हा स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणणारा त्या ओळीचा पहिला भागही त्यांनीच लिहिलेला आहे हे विसरता कामा नये. समान भूमीवर यायचे तर मला माझ्या पूर्ण धर्मासह येऊ द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

पायरी

चर्चा वाचताना एक गोष्ट सतत मनात येत होती. नामाच्या बाबतीत सर्वांचा अधिकार सारखा, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी सांगितले गेले. ते ज्यांनी मनोभावे स्वीकारले त्या चोखोबांना मात्र विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. म्हणजे एकाच नामाचा, एकाच भाषेत, एकाच वाळवंटात घोष करणाऱ्यांना आपसातील समान भूमी इतकी शतके मान्य झाली नव्हती. दूरच्या धर्मांशी आपले अंतरंग जुळते हे सिद्ध करण्याआधी हा हिशेब समोर ठेवला पाहिजे. साधनेची खूण साधकाच्या वागण्यात दिसली नाही तर हृदयात उतरलेल्या प्रार्थनेची वर्णने मला पटवून घेता येत नाहीत.

भीमाकाठ

पायरी, तुमच्या म्हणण्याला उत्तर म्हणून माझ्याकडे काही नाही आणि ते शोधण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. चोखोबांचे अभंग नामाची महती गातात आणि त्याच वेळी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारतात. नामाने जे केले नाही त्याचा दोष नाम घेणाऱ्या समाजाकडे जातो, आणि ही चर्चा त्या दोषाला वळसा घालून पुढे जाऊ नये.

मिरजवाला यांची अट मला पूर्ण मान्य आहे. संदर्भशोध आणि कामोकाठ यांच्या आक्षेपांवर मात्र विचार करून थोडे वेगळे मांडतो. शिखरावरचा अनुभव एकच आहे असा दावा मी सोडून देतो, कारण त्याची पडताळणी करण्याची पात्रता आपल्यापैकी बहुतेकांची नाही. माझे लक्ष आता वाटेवरच्या एका वेगळ्याच जागेकडे जाते, ती म्हणजे नाम घेऊनही काहीच वाटत नाही तो काळ.

शिनरान यांचा शिष्य युइएन याने गुरूंना विचारले की मी नाम घेतो, पण मनात आनंद उसळत नाही आणि अमिताभाच्या पवित्र भूमीला जाण्याची ओढही वाटत नाही, हे असे का? शिनरान यांनी त्याला दटावले नाही. मलाही हाच प्रश्न पडला होता, तुझीही तीच अवस्था आहे तर, असे ते म्हणाले, आणि विकारांनी भरलेल्या अशा माणसांसाठीच तो संकल्प आहे, असे समजावले. कैरोत १३०९ मध्ये निधन पावलेले इब्न अताउल्लाह यांनी आपल्या सूत्रांत लिहिले आहे की जिक्र करताना ईश्वराचे सान्निध्य जाणवत नाही म्हणून जिक्र सोडू नकोस, कारण जिक्रच न करणे हे बेसावधपणे जिक्र करण्यापेक्षा वाईट आहे. कदाचित तो तुला बेसावध जिक्रातून सावध जिक्राकडे आणि तेथून सान्निध्याकडे नेईल. ऑर्थोडॉक्स गुरूही सांगतात की मन कोरडे असले तरी प्रार्थना चालू ठेवावी, एकाग्रता ही देणगी आहे आणि संख्या तेवढी तुझ्या हाती आहे. तुकोबांचे 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग' आपल्याला पाठ असते, परंतु देव भेटत नाही म्हणून त्यांनी केलेला आक्रोश शेकडो अभंगांत पसरला आहे. त्या अभंगांना रानडे यांनी ख्रिस्ती साधकांकडून आलेली 'आत्म्याची काळोखी रात्र' ही संज्ञा लावली, आणि येथे त्यांची दृष्टी अचूक होती असे मला वाटते.

या चौघांनी दिलेली कारणे निरनिराळी आहेत. शिनरान अमिताभाच्या संकल्पाकडे बोट दाखवतात, इब्न अताउल्लाह अल्लाहच्या इच्छेकडे, आथोसचे साधू ख्रिस्ताच्या कृपेकडे, तुकोबा विठ्ठलाच्या ब्रीदाकडे. कॅट्झ यांचा मुद्दा येथे पूर्णपणे लागू पडतो. परंतु सल्ला एकच आहे: काही वाटो न वाटो, नाम सोडू नकोस. अपेक्षा अनुभवाला घडवतात हे मान्य केले तरी अपेक्षित अनुभव आलाच नाही तेव्हाची ही वर्णने आहेत, आणि तीच सर्वांत जास्त जुळतात. म्हणून या परंपरांची भेट शिखरावर होत असेल वा नसेल, ती या कोरड्या पट्ट्यात निश्चित होते असे मी म्हणेन.

संदर्भशोध

हा बदललेला दावा मला अधिक मजबूत वाटतो. अपेक्षाभंगाच्या नोंदींचा तौलनिक अभ्यास व्हायला हवा. निराश झालेल्या साधकाला टिकवून धरणे ही प्रत्येक संघटित परंपरेची गरजच असते, त्यामुळे सल्ला सारखा असण्यामागे संस्थात्मक कारणही असू शकते. एवढा आक्षेप नोंदवून थांबतो.

ठाणे_८_१२

मी येथे केवळ वाचक असते, परंतु एक व्यावहारिक प्रश्न विचारते. सकाळची लोकल, दिवसभर संगणकासमोरचे काम, परत आल्यावर मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे, यांत एकांत नावाची गोष्ट माझ्या वाट्याला येत नाही. मोबाइलवर जप मोजण्याचे अ‍ॅप घेतले होते, पण त्यात आकडा वाढवण्याकडेच लक्ष जाऊ लागले. गझालींचा एकांत किंवा आथोसचा मठ माझ्यासारखीने कोठून आणायचा? आणि या वेगवेगळ्या परंपरांतील थोडे थोडे घेऊन काही करता येते का?

सोपारा

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. जॉन मेन यांचा एक आग्रह असा होता की शब्द एकदा घेतला की तो बदलू नये. शब्द बदलत राहिले की प्रत्येक वेळी आपण पुन्हा उंबरठ्यावर येतो. फ्रेंच संन्यासी अभिषिक्तानंद (१९१०–१९७३) यांनी आपला ख्रिस्ती धर्म आणि रमण महर्षींच्या सहवासात गवसलेले अद्वैत ही दोन्ही एकाच वेळी जगण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, परंतु त्यासाठी त्यांना किती वर्षे आतल्या आत ओढाताण सोसावी लागली हे त्यांच्या दैनंदिनीत दिसते. इतरांचे जरूर वाचावे, त्यांच्या प्रार्थनेत आदराने बसावेही, पण नाम आपले एक असावे.

मिरजवाला

एकांताविषयी. नक्शबंदी सिलसिल्याच्या मूळ नियमांपैकी एक आहे 'खल्वत दर अंजुमन', अर्थात मैफलीत राहून एकांत. या मार्गातील साधकांनी व्यापार, शेती, संसार न सोडता बाजाराच्या गर्दीत आतला जिक्र चालू ठेवावा असा त्याचा आशय आहे. म्हणजे तुमची लोकल ही अडचण म्हणून पाहण्याची गरज नाही, या मार्गाने गर्दी गृहीतच धरलेली आहे. अ‍ॅप मात्र काढून टाकावे. मोजायचेच असेल तर तस्बीह किंवा माळ बरी, तिच्यावर कालचा आकडा दिसत नाही.

गोदातीर

नांदेडहून लिहितो. शिखांच्या नामसिमरनाचा उल्लेख धाग्यात आला नाही, आणि ताईंच्या प्रश्नाचे उत्तर तेथे एका मराठी संताच्या तोंडी आहे, म्हणून लिहिणे भाग पडले. गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत आणि पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मरण आजही केले जाते. ग्रंथातील कबीरांच्या सलोकांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन या दोन संतांमधील एक लहानसा संवाद आला आहे. नामदेव कापडावर छपाई करत बसलेले पाहून त्रिलोचन त्यांना विचारतात की तू या मायेत का गुंतलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव उत्तर देतात की तोंडाने राम म्हणावे, हातापायांनी सगळे काम करावे आणि चित्त निरंजनाजवळ ठेवावे.

नामदेवांच्या या उत्तरात कामातून वेळ काढण्याची भाषा नाही. हात छपाईच्या ठशावरच आहेत. हे दोन सलोक क्रमांक २१२ आणि २१३ चे आहेत आणि देवनागरीतील प्रतीत सहज सापडतात. सिमरनाची पद्धत, अमृतवेळेचा नेम आणि संगतीचे स्थान यांविषयी कोणाला विचारायचे असेल तर येथेच विचारावे, मला माहीत आहे तेवढे सांगेन आणि उरलेले आमच्या ग्रंथींना, म्हणजे गुरुद्वारात ग्रंथपठण करणाऱ्यांना, विचारून लिहीन.